शेव तेलाची नसते, बेसनाची असते

जळगाव एमआयडीसीतल्या आम्हा पाइपवाल्या-चटईवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दाबाखाली ठेवलं की प्लास्टिक तयार. धोका काहीच नाही. जळगावात कोणीही करू शकेल." तो वाचून चांगलं चालणारं मशीन विकायची भाषा सुरू झाली, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे, या पद्धतीत कार्बन डायऑक्साइडचं प्लास्टिक होत नाही. शेव तळायला तेल लागतं, पण शेव बेसनाचीच असते. मोनोमर, म्हणजे ज्या छोट्या रेणूंची साखळी जोडून प्लास्टिक होतं तो कच्चा माल, वेगळा आणावाच लागतो. हा गॅस म्हणजे कढईतलं तेल. पाणी न घेता नुसत्या गॅसमध्ये केलं, तर दाब सोडला की तो निघून जातो आणि खाली कोरडी पावडर उरते. फायदा खराच आहे, पण तो हा आहे.

मग मेसेजमधलं पाणी कुठून आलं? टेफ्लॉनचा मोनोमर नुसत्या पाण्यात शिजवताना पीएफओएसारखी साबणासारखी रसायनं वापरली जात. ती निसर्गात विघटित होत नाहीत. २०१९ मध्ये पीएफओए स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. ती टाळायची एक वाट म्हणजे पाण्याऐवजी हा गॅस: अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या जोसेफ डिसिमोन यांच्या गटाने १९९२ मध्ये दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये फ्लुओरोपॉलिमर (टेफ्लॉनच्या जातीची प्लास्टिकं) बनवून दाखवले. पुढे पाणीही जोडीला घेतलं: क्रिया सुरू करणारा क्षार पाण्यात, मोनोमर बराचसा गॅसच्या बाजूला. मला हे काम फार मोलाचं वाटतं, म्हणूनच त्याची अशी मोडतोड बघवत नाही.

"धोका नाही" हे तर साफ चुकीचं. हा गॅस ३१ अंशांच्या आणि ७४ बार (जवळपास ७५ किलो) दाबाच्या वर गेला की द्रव आणि वायू हा फरकच उरत नाही. ३१ अंशांचं आपल्याला काय! मे महिन्यात शेडमध्ये ४५ असतात. भिंतीवरच्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरात तेव्हा द्रव वेगळा राहिलेलाच नसतो. प्रश्न दाबाचा आहे. केळीच्या बागेत ठिबकला साधारण एक किलो प्रेशर लागतं, इथे पंचाहत्तर किलो. म्हणजे साडेसातशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब. त्यात पाणी मिसळलं की ते आम्लधर्मी होऊन पीएच तीनच्या आसपास येतो आणि साधं लोखंड खाल्लं जातं.

आणि जळगावात? आपण पीव्हीसी बनवत नाही. रेझिनची, म्हणजे तयार प्लास्टिक पावडरची, पोती येतात, आपण ती वितळवून डायमधून पाइप काढतो. चटईवाल्यांकडेही दाणा तयारच येतो. पाण्याऐवजी गॅस असं माध्यम बदललं तर ते रेझिनच्या कारखान्यातल्या रिअॅक्टरमध्ये बदलेल. आपल्या मशीनवरच्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) तेव्हाही पोतंच रिकामं करायचं आहे.