भाच्याच्या व्हायोलिनची पानं

गेल्या चतुर्थीला म्यूनिकहून गोव्यात फोंड्याला घरी गेले तेव्हा भाचा जर्मन संगीतकार बाखचा एकट्या व्हायोलिनसाठीचा एक तुकडा बसवत होता. दर वेळी त्याच ओळीला येऊन अडखळत होता. मी स्टँडवरची पानं पाहिली. झेरॉक्सची झेरॉक्स. उजवी कड कापली गेलेली, त्यामुळे ओळीतला शेवटचा स्वर अर्धाच दिसत होता. कुठलं बोट कुठे ठेवायचं ते सांगणारे आकडे तर शाईचे ठिपके झाले होते.

"पुढच्या खेपेला तुला चांगलं पुस्तक आणते," एवढंच मी म्हटलं. त्यावरून जेवताना जो वाद सुरू झाला तो घरच्या ग्रुपवर अजून चालू आहे. दादाचं म्हणणं, वीसेक युरो, म्हणजे दोन हजारांच्या आसपास रुपये, कागदावर कशाला घालवायचे? बाख १७५० साली गेला, नेटवर सगळं फुकट आहे. काकांचा आक्षेप वेगळा. मास्टर दीनानाथांच्या मंगेशीपासून हाकेच्या अंतरावर राहून हे संगीत कशाला? आणि कागद बघून कधी गाणं येतं का?

काकांचं निम्मं मला मनापासून पटतं. भजन देवळात मांडी घालून, कान उघडे ठेवूनच येतं. पण कागदावरचं संगीत परकं, हे मी मान्य करणार नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना पाच रेघांवरचे स्वर वाचायला शिकवलं. त्यातलेच कितीतरी मुंबईच्या स्टुडिओंत गेले. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे आणि अशी माणसं एकेका वादकाची ओळ वेगवेगळ्या कागदावर उतरवून द्यायची. काका ज्या जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकतात, त्यांतली व्हायोलिनं अशाच कागदांवरून वाजली आहेत. त्या कागदांपैकी फार थोडे जपले गेले, याचं मला अतोनात वाईट वाटतं.

दादाला उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. बाखच्या सुरांवर आज कुणाचा हक्क नाही, हे खरंच आहे. पण एकट्या व्हायोलिनसाठीच्या या रचना बाखने १७२० साली स्वहस्ते लिहून काढल्या आणि ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात आहे. पुढच्या शतकातल्या संपादकांनी गज कुठे ओढायचा, कुठे जोडायचा याच्या आपापल्या खुणा छापील आवृत्त्यांत घातल्या. फुकट मिळतात त्या बहुधा अशाच जुन्या आवृत्त्या. कुणीतरी मुळाशी एकेक खूण ताडून पाहतो, तेव्हा 'उर्टेक्स्ट' म्हणतात ती शुद्ध प्रत तयार होते. म्यूनिकची हेन्ले ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून हेच काम करते. तिच्या निळ्या पुस्तकांत पान उलटायची जागासुद्धा वादकाचा हात मोकळा असेल तिथे आणायचा प्रयत्न असतो. पैसे जातात ते या मेहनतीला. जर्मन कायदा अशा संशोधित आवृत्तीला २५ वर्षं संरक्षण देतो. हक्क शाबूत असलेल्या नोटेशनची झेरॉक्स इथे घरच्या सरावासाठीही परवानगीशिवाय काढता येत नाही. हाताने उतरवून घ्यायला मात्र मुभा आहे.

फुकटाच्या भरवशाचा अनुभव मी घेतलाय. २०११ साली इथे आले तेव्हा दादा फोंड्यात बसून यूट्यूबवर जी रॉकची गाणी बघायचा, त्यांतली कितीतरी माझ्या पडद्यावर उघडतच नसत. गेमा ही इथली संगीतकारांची हक्कसंस्था आणि यूट्यूब यांचं मानधनावरून भांडण होतं, ते मिटलं २०१६ च्या नोव्हेंबरात. त्या वर्षांत मी जुन्या बाजारांतून मैफलींच्या फिल्मा विकत घ्यायला लागले. 'मॉन्टेरी पॉप' तिथेच मिळाली. १९६७ च्या रॉक महोत्सवाची ही फिल्म संपते रविशंकर आणि अल्लारखाँवर. ती काकांसाठी घरी नेली, तर प्लेअर डिस्क घेईना. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले असतात; युरोपची डिस्क विभाग २ ची, आपल्याकडचा प्लेअर विभाग ५ चा. शेवटी माझ्या लॅपटॉपवर लावली. काकांनी अल्लारखाँचा तबला तीनदा मागे नेऊन ऐकला आणि महोत्सवातल्या पोरांच्या टाळ्या संपेपर्यंत उठले नाहीत.

तरीही दादाला 'विकतच घे' असं सांगायचा अधिकार मला फारसा नाही. मी इथे निम्म्याहून जास्त नोटेशन आणि फिल्मा शहराच्या वाचनालयातून घरी आणते. न परवडणारी वस्तू आठवडाभर हाताळायला मिळाली की तिची किंमतही कळते. फोंड्यातल्या पोराला ही सोय नसेल तर तो झेरॉक्सच काढणार, त्याला दोष कसा देऊ? पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. पाच रेघांची पुस्तकं, भातखंडे पद्धतीची स्वरलिपी, नाट्यपदं, मांडोची कोकणी गाणी आणि मैफलींच्या फिल्मा, हे सगळं घरी नेता येईल असं भरलेलं दालन तिथे हवं. भाषेच्या वादात आपण गोंयकारांनी जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या चवथ्या हिश्शाने हे मागितलं तर मिळेल असं मला वाटतं.

पुस्तक मी घेतलंय, डिसेंबरात नेईन. मधे परवा भाच्याचा फोटो आला. सरांच्या प्रतीवरून अडलेली ओळ त्याने वहीत उतरवून घेतली आहे. पाच रेघा पट्टीने आखलेल्या, आणि शेवटचा स्वर पूर्ण, गोल, त्याच्यावर बोटाचा आकडा, तीन.