कासव फ्रेममध्ये पाहिजे

ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू समुद्रात शिरताना मी पाहिलेलं नाही. मी ते शूट केलेलं आहे. परवाच, एका अनोळखी काकांच्या मोबाइलवर, त्यांच्या ढेरीच्या डाव्या बाजूने.

कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला कोकणातल्या वेळासला जायचं हे बायकोने ठरवलं. समुद्र उजव्या हाताला ठेवत अलिबाग, मुरूड, मग आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत, पलीकडे दिघी, श्रीवर्धन, बागमांडल्याला पुन्हा बोट, सावित्री ओलांडली की वेश्वी. रस्ता कसा होता ते विचारू नका, माझी कंबर अजून त्याच विषयावर बोलते आहे. बायको मात्र अभ्यास करून आली होती. वाळू गरम असली तर अंड्यातून माद्या जास्त निघतात, थंड असली तर नर, हे तिने सांगितलं आणि एसीवरून आमचं दिघीपासून जे चाललं होतं ते एकदम शास्त्रीय पातळीवर गेलं. 2022 च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून तिला सोडलं होतं. नाव ठेवलं प्रथमा. ती अरबी समुद्रात कुठे पोहते आहे हे पार डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत बसून कळत होतं. आम्ही बाणकोटच्या कुठल्या वळणावर आहोत हे माझ्या मोबाइलला कळत नव्हतं.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा इथला. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागे पूर्ण शहाणे जमले होते.

त्यांतले एक आमचे काका. थ्री-फोर्थ, गळ्यात दुर्बीण, आणि आवाज रिटायर झालेला नसलेल्या साहेबाचा. हॅचरीतल्या, म्हणजे अंडी राखतात त्या कुंपणातल्या, मुलाला त्यांनी आल्या आल्या गाठलं.

"आज किती आहेत?"

"ते घरट्यावरची टोपली उचलल्यावर कळतं, काका."

"पण अंदाज? एका घरट्यात शंभरेक अंडी असतात ना? मग शंभर यायला पाहिजेत."

"सगळी एकदम नाही येत. थोडी आज, थोडी उद्या."

"म्हणजे हप्त्याने," काका आमच्याकडे वळून म्हणाले. जणू कर्ज आम्हीच थकवलं होतं.

टोपली उचलली. खाली एक पिल्लू. गर्दीत "अय्याऽऽ" झालं. काका म्हणाले, "एकच?"

"हो."

"दुसरी उघडा की."

"उघडली काका. रिकामी आहे."

"मग तिसरी! अहो, एवढ्या लांबून लोक आलेत, काहीतरी सोय नको?"

तो पोरगा हसला. मी असतो तर काकांना टोपलीखाली ठेवलं असतं.

पिल्लू वाळूवर सोडलं आणि काकांनी त्यांचा मोबाइल माझ्या हातात कोंबला. "साहेब, जरा घ्या. मी असा उभा, मागून कासव. कासव फ्रेममध्ये पाहिजे हं." कोणी हातात मोबाइल दिला की मराठी माणूस नाही म्हणू शकत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये आपलं हे शिक्षण होतं. मी उघडतो तर उजेडाचा झोत.

"काका, फ्लॅश चालत नाही इथे."

"फ्लॅश नाही तो. टॉर्च आहे."

मी तो बंद करायचं बटण शोधतोय तोवर हॅचरीतला मुलगा धावत आला. पिल्लं समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने जातात, असा दिवा दिसला की वाट चुकतात, हे त्याने सगळ्यांदेखत मला सांगितलं. वर, "दादा, शिकलेले दिसताय तुम्ही." आणि काका? काका मान डोलावत म्हणाले, "मी तेच सांगत होतो ह्यांना."

ह्यांना!

हे वाक्य मी पुढच्या जन्मीही विसरणार नाही.

बायको नेमकी दोरीच्या पुढच्या टोकाला होती. तिने सगळं पाहिलं. लाटेने पिल्लाला मागे फेकलं, उलटं केलं, ते सरळ होऊन पुन्हा निघालं. मला दिसली ती काकांची पोटरी. कुणीतरी "कमॉन कमॉन" ओरडत टाळ्या पिटत होतं, आणि मागून एक बाई नवऱ्याला म्हणाली, "एकासाठी एवढं ड्रायव्हिंग?" मला खरंच राग आला. एके काळी ही अंडी माणसं खणून न्यायची. 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती राखायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून गावातली माणसं रात्री-पहाटे किनारा चालून घरटी शोधताहेत. त्या तळहाताएवढ्याही नसलेल्या जिवाला पुढे मासे आहेत, पक्षी आहेत, जाळी आहेत. आणि आपण सँडल झटकत पैसे वसूल झाले का ते मोजणार.

असो. काकांनी व्हिडिओ लावून पाहिला.

"ह्यात कासव कुठाय? नुसता मीच आहे."

"तुम्ही मधे होतात."

"मग परत घ्या."

"काका, ते गेलं."

"कुठे?"

"समुद्रात," बायको गोड आवाजात म्हणाली.

काकांनी समुद्राकडे नापसंतीने पाहिलं. "बरं, सकाळी सातला परत सोडतात. इथेच भेटू. आणि साहेब, उद्या मोबाइल आडवा धरा."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "हो काका, येतील ना हे."