पाटा वाढवावा की पासिंग वाढवावे?

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या परिसरात कोणी नवी पिकअप घ्यायची म्हटली, की पहिली चौकशी हप्त्याची होते, दुसरी मायलेजची, आणि ही गाडी प्रत्येक फेरीला किती वजन वाहणार आहे, हे बहुतेक वेळा गाडी दारात आल्यानंतरच विचारले जाते. आमच्या कट्ट्यावर सध्या जो वाद रंगला आहे, तो या उलट्या क्रमावरूनच: लहान गाडी घेऊन तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवाव्यात, की मुळातच जास्त पासिंगची, म्हणजे जास्त माल भरायला मंजूर असलेली, गाडी घ्यावी? आमच्यातला एक तरुण शेतकरी, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो, पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेतो आहे. आजवर त्याचा माल भाड्याच्या गाडीतून बाजारात जात होता. अण्णा वर्षानुवर्षे मालवाहतुकीच्या धंद्यात आहेत, तर तात्यांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. दोघांच्याही शब्दाला कट्ट्यावर मान आहे आणि या प्रश्नावर दोघांचे अजिबात जुळत नाही. त्यांचे मुद्दे गाडी घेऊ पाहणाऱ्या कोणाच्याही कामाचे आहेत, म्हणून ते नीट लिहून काढत आहे.

अण्णांचे म्हणणे सरळ होते. ते म्हणाले, “भाऊ, सकल वजन, म्हणजे गाडी आणि भार मिळून, तीन हजार किलोच्या आत बसेल अशी गाडी घे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे तेवढ्या वजनापर्यंतच्या मालगाडीला वाहतुकीचा परवाना (परमिट) काढावा लागत नाही. किंमत कमी, हप्ता कमी, शेताच्या बांधापर्यंत सहज जाते. हंगामात माल वाढला तर मागे दोन पाटे टाकून घे. वर्षातले दोन-अडीच महिने जास्त माल निघतो, तेवढ्यासाठी बारा महिने मोठ्या गाडीचा हप्ता कशाला भरायचा?”

हा प्रश्न वजनदार आहे आणि तो मी हलका करून मांडणार नाही. ज्याचे उत्पन्न टोमॅटोच्या भावावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी दरमहा ठरलेली रक्कम भरणे ही मोठी गोष्ट असते. परवान्याबद्दल अण्णांनी सांगितले तेही बरोबर आहे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे लहान आणि मोठ्या गाडीच्या किमतीतला फरक पूर्वीपेक्षा थोडा कमी झाला आहे, हेही हिशेबात धरले पाहिजे.

तात्यांनी हप्त्याला हात न घालता भाऊला क्रेटचा हिशेब विचारला. क्रेटमध्ये साधारण वीस किलो टोमॅटो आणि क्रेटचे स्वतःचे वजन धरून बावीस किलो मानले, तर अण्णांच्या तेराशे किलो पासिंगच्या लहान गाडीत ५९ क्रेट बसतात आणि सतराशे किलोच्या मोठ्या गाडीत ७७. भाऊच्या म्हणण्याप्रमाणे ऐन हंगामात त्याच्या एका तोड्याला शंभरच्या आसपास क्रेट निघतात, म्हणजे बावीसशे किलो. तात्या म्हणाले, “म्हणजे अण्णा सांगतात त्या गाडीवर तू पहिल्याच हंगामात नऊशे किलो जास्त घालणार. आणि आरसीवरच्या सकल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, की उरलेले सगळे मालासाठी असते असेही नाही. त्यातच तू, शेजारी बसलेला माणूस, ताडपत्री, दोर आणि हौद्यावर नंतर बसवलेली जाळी, एवढ्यांचे वजन येते.” ही वजाबाकी शोरूममध्ये क्वचितच कोणी करून दाखवते, आणि खरेदीदाराने ती तिथेच कागदावर करून घेतली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

यानंतर वादाचा गाभा आला. पाटा वाढवल्याने गाडीची ताकद वाढते, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही. तात्यांनी तो मुद्दा ब्रेकच्या बाजूने उलगडला. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर वजन थोडे असते आणि त्या वेळी ब्रेकचा पूर्ण दाब मागे गेला, तर चाके जाम होऊन गाडीची मागची बाजू फिरते. हे टाळण्यासाठी त्या व्हॉल्व्हची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. पाटे वाढवून मागची बाजू ताठ केली, की पूर्ण भरलेली गाडीसुद्धा पुरेशी दबत नाही आणि व्हॉल्व्ह ती जवळजवळ रिकामीच आहे असे धरून चालतो. म्हणजे ज्या फेरीला वजन सर्वांत जास्त, त्याच फेरीला मागचे ब्रेक कमी लागतात आणि थांबवण्याचे काम पुढच्या डिस्क ब्रेकवर पडते. नारायणगावच्या बाजारापर्यंत सपाट रस्त्याने जाताना हे कदाचित जाणवणार नाही. पण भाव चांगला म्हणून तोच माल आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटातून कल्याणकडे किंवा वाशीला न्यायचा ठरला, की उताराला तापलेली पुढची डिस्क आणि अर्धवट काम करणारे मागचे ड्रम एवढ्यावरच गाडीतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

अण्णांनी हे नाकारले नाही. ते म्हणाले, “तात्या, त्या दांडीचे सेटिंग बदलता येते. चांगला फिटर पाटा टाकताना तेही करून देतो.” तात्यांचे उत्तर असे होते, की सेटिंग बदलता येते हे खरे, पण ते दाबमापक लावून, कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यांशी ताडून करायचे काम आहे आणि कंपनीने आकडे दिलेले असतात ते मूळच्या पाट्यांसाठी. नजरेने दांडी वर-खाली केली, तर भरलेली गाडी थांबेल, पण माल उतरवून पावसात रिकामी परतताना तीच गाडी ब्रेक दाबल्यावर आडवी होईल. या ठिकाणी माझ्या मते अण्णांची बाजू पडली. शिवाय पाटा वाढवला तरी अ‍ॅक्सल, बेअरिंग, चासी आणि टायर जुनेच राहतात. टायरच्या बाजूला छापलेला भारांक वाचला तर हे लगेच कळते: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. मागे १०४ भारांकाचे दोनच टायर असतील, तर मागच्या अ‍ॅक्सलवर गाडीच्या स्वतःच्या वजनासह १८०० किलोच झेपतात, आणि पिकअपमध्ये मालाचा बहुतेक भार मागेच येतो. त्यापुढे किती पाटे घातले याच्याशी टायरला काही देणेघेणे नसते.

दंडाचा विषय मी थोडक्यात मांडतो, कारण तो सर्वांना ठाऊक असूनही मनावर घेतला जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही अशी तरतूद आहे. टोमॅटोसारखा नाशवंत माल रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवावा लागला, तर दंडापेक्षा तेच नुकसान जास्त होते.

तोडणीच्या मजुरांना हौद्यात बसवून नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, तिच्याबद्दल भाऊने विचारले. त्याच कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालगाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांचा समावेश होतो. नुसतेच फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. अपघात झाला तर त्या कुटुंबांची भरपाई भाऊलाच द्यावी लागेल, आणि ती दिली तरी गेलेला माणूस परत येणार नाही. मजुरांसाठी वेगळे वाहन ठरवावे, यावर कट्ट्यावर सगळ्यांचे एकमत झाले.

लायसन्सचाही एक घोळ मिटला. मोठी गाडी घेतली तर चालवण्यासाठी वेगळे लायसन्स लागेल, अशी भाऊची समजूत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे, की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतच्या सकल वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. त्यामुळे त्या कारणासाठी लहान गाडी घेण्याची गरज नाही.

देखभालीवर बोलताना अण्णा आणि तात्या बऱ्याच अंशी जवळ आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले आणि डिझेल गाडीच्या देखभालीची पद्धतच बदलली. अनेक गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी साधारण सहाशे अंशांच्या तापमानाला जाळली जाते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. भाऊसारख्याची अडचण इथेच आहे. शेतातून बाजार, बाजारातून शेत अशा लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट तुटते आणि जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ती बिघाडाची खूण समजून लगेच दाखवावी. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की मालक पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुणे-नाशिक महामार्गावर गाडी सलग चालवून आणावी, तो लागलेला असताना इंजिन बंद करून चहाला जाऊ नये. अशा इंजिनाला कमी राख करणारे ऑइलच लागते, कारण काजळी जळून जाते पण ऑइलमधली राख जळत नाही आणि डीपीएफमध्ये कायमची साचते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले ऑइल यात ओतणे म्हणजे काही हजार रुपये वाचवून फार महागडा भाग गमावणे आहे.

ज्या गाड्यांना डीईएफ लागते, त्यांच्याबाबत तात्यांनी दिलेला इशारा प्रत्येक शेतकऱ्याने वाचावा असा आहे. डीईएफ हे गाडीचा धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे द्रव, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. घरात युरियाची गोणी असल्यामुळे ते घरीच बनवण्याचा मोह होतो. पण २०१५ पासून आपल्याकडे शेतीचा युरिया निंबोळी तेलाचे लेपन केलेला मिळतो. ते तेल आणि पाण्यातले क्षार डीईएफचा पंप, नोझल आणि पुढचा उत्प्रेरक खराब करतात. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे बेकायदेशीर आहे.

सर्व्हिसिंग कुठे करावे यावर अण्णांचा अनुभव जास्त उपयोगी ठरला. त्यांच्या मते वॉरंटी आहे तोपर्यंत प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच, वेळेवर आणि बिल जपून करावे. मात्र शेतरस्त्याने चालणाऱ्या गाडीने पुस्तिकेतल्या मोठ्या अंतराची वाट पाहू नये. धुळीमुळे एअर फिल्टर लवकर बदलावा लागतो, डिझेल फिल्टरमधले पाणी वेळोवेळी काढावे लागते, आणि चिखलातून आल्यावर पाट्यांचे शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टचे जोड यांना ग्रीस मिळालेच पाहिजे. नव्या गाडीला पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा कसून घ्यावेत. ग्रीसिंगचे काम गावातला फिटर उत्तम करतो. काजळीच्या आणि सेन्सरच्या कामाला स्कॅनर लागतो, ते काम मात्र त्याच्याकडे नेऊ नये.

सीएनजीचा पर्यायही निघाला. डीपीएफची कटकट त्यात नाही, पण टाक्यांमुळे भारक्षमता घटते, घाटात ओढ कमी पडते आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते. वाशीची फेरी कधीच करायची नसेल, तर भाऊने तो पर्याय जरूर पाहावा असे मला वाटते.

हप्त्याच्या प्रश्नावर मात्र अण्णा शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. सतराशे किलोच्या गाडीत शंभर क्रेट कायद्याने बसत नाहीतच, मग दोन फेऱ्या करायच्याच असतील तर लहान गाडीनेच कराव्यात, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त त्यात पाटा वाढवायचा नाही ही अट घातली पाहिजे. तात्यांचे म्हणणे असे, की बाजार जवळ असल्याने दोन फेऱ्या परवडतात, पण वाशीला एकच फेरी करावी लागते, आणि त्या फेरीला ७७ क्रेट व ५९ क्रेट यांतला फरक हप्त्याचा बराचसा भाग भरून काढतो. शिवाय बिगरहंगामात पिवळ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येते. वर्षात वाशीच्या फेऱ्या किती होतात, हे भाऊलाच नक्की सांगता आले नाही. म्हणून ठरले ते असे, की गाडीची नोंदणी रक्कम भरण्याआधी भाऊने मागच्या हंगामाच्या विक्रीच्या पट्ट्या काढून वाशीच्या फेऱ्या मोजाव्यात आणि पुढच्या तोड्याला भाड्याची गाडी आधी रिकामी व मग भरलेली वजनकाट्यावर घालून दोन्ही पावत्या कट्ट्यावर आणाव्यात.