राष्ट्रीय उद्यानांना देणगी देऊ नका, म्हणणाऱ्यांना उत्तर

उन्हाळा जवळ आला की एक संदेश फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: राष्ट्रीय उद्यानांना देणगी देऊ नका. ते सरकारचं काम आहे आणि सरकारकडे पैसा आहे. सफारीला आपण आधीच भरपूर मोजतो. दिलेला पैसा खाल्ला जातो. देणगी म्हणजे श्रीमंतांची कर वाचवायची सोय. फारच कळवळा असेल तर जंगलात जाऊन चार झाडं लावा. यातल्या बऱ्याच मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष जंगलाला आणि जंगलाकाठच्या माणसांना महागात पडतो.

सरकारचं काम आहे, हे अगदी खरं. वनरक्षकांचा पगार, गावांचं पुनर्वसन, मोठी बांधकामं सरकारी तिजोरीतूनच झाली पाहिजेत. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपयांचं पॅकेज आहे. ते पेलणं देणगीदारांचं काम नव्हे. अडचण येते वेळेची. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, हप्त्याची मंजुरी असं करत निधी खाली पोहोचतो, आणि जंगलाचं वेळापत्रक त्याच्यासाठी थांबत नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधी तयार लागतात. त्यांचा पैसा मार्चअखेर आला तर तोवर पानगळ होऊन रान पेटायला लागलेलं असतं. जानेवारीत कुणी दोन ब्लोअर घेऊन दिले, तर पाचोळा हटवायचं काम वेळेत होतं.

वणवे लागतात कसे, हेही पाहू. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि आग तिथून रानात शिरते. ज्या घराचं मीठमिरची मोहावर चालतं, त्याला दंडाची भीती दाखवून काय मिळणार? झाडाखाली जाळी बांधली की फुलं जाळीत पडतात, काडी ओढायची गरज राहत नाही. एका गावाला पुरतील एवढ्या जाळ्या घ्यायला कुठली मोठी कंपनी लागत नाही. एखाद्या सोसायटीची वर्गणी पुरते.

वाघाने गाय मारली की सरकारी भरपाई आहे. पण पंचनामा, कागद, मंजुरी यांत दिवस जातात, आणि त्याच दिवसांत चिडलेला मालक मेलेल्या गायीवर विष टाकू शकतो. मग खायला परतलेली वाघीण पिल्लांसकट मरते. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात द कॉर्बेट फाउंडेशन आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी हेच ओळखून पशुपालकाला तातडीने अंतरिम मदत द्यायला सुरुवात केली. रक्कम मोठी नसते, पण ती राग ताजा असताना हातात पडते. माझ्या मते जंगलासाठी देता येणारं सर्वांत मोलाचं दान हेच आहे, मग त्याच्या पावतीवर वाघाचं चित्र नसलं तरी.

आता तिकिटाचा मुद्दा. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक राज्याला व्याघ्र प्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापणं बंधनकारक झालं. प्रवेशशुल्क तिथेच राहून जंगलाच्या आणि गावांच्या कामाला लागावं, हा त्यामागचा हेतू, आणि बाहेरून मदत घेण्याची मुभाही या प्रतिष्ठानाला आहे. त्यामुळे तिकीट ही मदतच आहे. फक्त आपण सहलीवर जे मोजतो, त्यातला मोठा भाग रिसॉर्ट, जिप्सी आणि प्रवासावर जातो. शिवाय सगळीकडे ताडोबासारखी गर्दी नसते. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि संजय गांधी. मेळघाटातल्या गुगामलला किंवा सह्याद्रीतल्या चांदोलीला वाघ सहज दिसत नाही, म्हणून पर्यटक कमी आणि गेटचं उत्पन्नही कमी. डोंगरदऱ्यांतली गस्त मात्र तेवढीच खडतर. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान व्याघ्र प्रकल्प नसल्याने ही तरतूद त्याला लागूच होत नाही.

पैसा खाल्ला जातो, या आरोपामागे खरी चीड आहे. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगचं काम पाहणाऱ्या खासगी एजन्सीविरुद्ध सुमारे १२ कोटींच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. हे झाकण्याचं कारण नाही. पण ती रक्कम पर्यटकांच्या बुकिंगची होती, आणि तफावत उघडी पडली ती लेखापरीक्षणात. म्हणून हिशेब मागूनच द्यावं. संस्थेचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित ताळेबंद पाहावा, गेल्या वर्षीचं काम कोणत्या गावात झालं ते विचारावं, रोख देऊ नये. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर दुसरी संस्था शोधावी. बोरिवलीतल्या प्राणी दत्तक योजनेबद्दलही हीच स्पष्टता हवी: ती रक्कम तिथल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या खाण्यापिण्याला आणि औषधोपचाराला जाते, रानात फिरणाऱ्या बिबट्यांना नव्हे. हे माहीत असून दिलं तर उत्तमच.

करसवलतीचं गणित साधं आहे. प्राप्तिकरातल्या ८०जी या देणगीवरच्या सवलतीखाली बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. दहा हजार दिले तर पाच हजारांची वजावट. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे जेमतेम दीड हजार वाचतात, बाकी खिशातूनच गेले. नव्या करप्रणालीत तर ही वजावट मिळतच नाही. परदेशातल्या मराठी माणसांनी एक लक्षात ठेवावं: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ती परदेशी निधी ठरते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, आणि मग संस्थेकडे परदेशी निधी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते.

पैसाच द्यायला हवा असंही नाही. २०११ साली वनविभागाने अभ्यासक आणि सामान्य मुंबईकरांना बरोबर घेऊन संजय गांधी उद्यानासाठी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. लोकांनी वेळ दिला, वस्त्यांमध्ये जाऊन बिबट्याशेजारी कसं राहायचं हे समजावलं.

राहिली झाडं. हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण राष्ट्रीय उद्यानात तो चुकीचा आहे. परवानगीशिवाय आत शिरून काही लावणं कायद्यात बसत नाही, आणि जंगलाला बहुतेक ठिकाणी त्याची गरजही नसते. चितळाला गवत लागतं, वाघाला चितळ लागतं. ताडोबात जामणीसारखी गावं उठली तिथल्या जुन्या शेतांवर कुरणं राखली जातात. त्यांवर रोपं लावली तर चितळांचा चारा जाईल. उलट घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली, गवताची जागा बळकावणारी झुडपं काढून टाकायला माणसं लागतात. ही झुडपं बी धरण्याआधी मुळासकट उपटावी लागतात, आणि एकदा उपटून भागत नाही, पुढची काही वर्षं त्याच जागी परत जावं लागतं. पहिल्या वर्षी फोटो काढायला सगळे येतात. तिसऱ्या वर्षीच्या मजुरीसाठी देणगीदार मिळत नाही. झाडासाठी बाजूला काढलेले पैसे तिथे द्या.