पोरांना डोंगरात न्याच, पण धबधब्याखाली उभं करू नका

पाऊस लागला की दरवर्षी एक तरी व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोच. बाप दोन-तीन वर्षांचं लेकरू खांद्यावर घेऊन धबधब्याखाली उभा, लेकरू घाबरून किंचाळतंय आणि मोबाईल धरणारी मंडळी खदाखदा हसतायत. खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या. एक पार्टी म्हणणार बाप असावा तर असा, पोरगं वाघ होणार. दुसरी म्हणणार असल्या आईबापांना आत टाका, एवढ्या लहान पोरांना डोंगरात न्यायचंच कशाला, कोल्हापुरातच रंकाळा तलावावर न्या, भेळ चारा आणि गप घरी या.

मला दोन्ही पटत नाही, आणि आज सविस्तरच लिहिते कारण परवा घरच्या ग्रुपवर याच्यावरनं बरंच झालंय.

आमची थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. दोघंही चालायला लागल्यापासनं आमच्याबरोबर डोंगरात येतात. पन्हाळा, मसाई पठार, गगनबावड्याची बाजू, आंबा घाटाकडचं जंगल, जमेल तसं. आणि हो, धबधब्यांनाही नेलंय, गाडी लावून लांबनं बघायचे तसले नाहीत तर जंगलातनं चढउतार करत, ओढे ओलांडत जायचे तसले. त्यामुळं "तुला काळजी नाही का गं, तू आई आहेस ना" हे मी भरपूर ऐकलंय. गंमत म्हणजे नवरा शेजारीच उभा असतो, त्याला कोण विचारत नाही. तो बाप, त्यानं नेलं तर पोरं धाडसी होणार, मी नेलं तर मी निष्काळजी. असो, तो विषय वेगळा, त्याच्यावर लिहायला लागले तर पोस्ट संपायची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अवघड वाट आणि अवघड पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकत्र करून बसलोय. वाट अवघड असली तर पोरगं दमतं, रडतं, गुडघा फोडून घेतं, मग थोडं बसतं, भडंग खातं आणि परत उठतं. वाट थांबते तुमच्यासाठी. पाणी थांबत नाही. पाण्यात तुमची चूक झाली की सावरायला वेळच नसतो, आणि तिथं पोराचं धाडस, बापाची छाती, कशाचाच काही उपयोग नसतो.

वाट पोरांना काय देते हे आधी सांगते, कारण "नेऊच नका" म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. आपली पोरं चालतात कुठं आता? दारातनं व्हॅन, व्हॅनमधनं शाळा, शाळेतनं क्लास, क्लासमधनं परत गाडीवर. आमच्या धाकट्याला सपाट फरशी सोडून कशावर पाय ठेवायचा हे डोंगरातच कळलं. बर्कीला जाताना (शाहूवाडी तालुक्यात, बाजारभोगाव करंजफेण करत जायचं, नंतर गावातनं पुढं चालत) दगडधोंड्यांची, मुळ्यांची वाट आहे, ओढा शेजारनं वाहत असतो. पहिल्यांदा नेला तेव्हा दर दहा पावलांनी बसत होता. आता पुढं पळतो आणि मागं वळून मलाच सांगतो, आई त्या काळ्या दगडावर पाय देऊ नको, शेवाळ आहे. हे त्याला मी शिकवलेलं नाही, तो तिथं आपटून शिकलाय. थोरलीला जळवांची इतकी भीती होती की पहिली चिकटलेली बघून तिनं अख्खं जंगल डोक्यावर घेतलं, आणि आता स्वतःच मिठाची पुडी घेऊन फिरते, "तुम्ही थांबा, मी काढतो" म्हणते. त्या रडणाऱ्या पोरीची ही पोरगी झालेली मी डोळ्यांनी बघितलीय, त्यामुळं मला कोण रंकाळ्याची भेळ सांगायला आलं की मी फक्त हसते.

पण.

आम्ही बर्कीला जुलैमध्ये जात नाही. ऑक्टोबर उजाडल्यावर जातो. धबधबा तेव्हा बारीक झालेला असतो, रीलसाठी काय कामाचा नाही, पण वाट दिसते, दगड दिसतो, ओढ्याचा तळ दिसतो. तेव्हासुद्धा सकाळी लवकर निघून दुपारच्या आत परत, कारण परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊनच येतो. भर पावसात गावातल्या लोकांचेच जाण्यायेण्याचे वांदे होतात, पुलावर पाणी आलं की पलीकडचे पलीकडं अडकतात, आणि आपण तिथं चार वर्षांचं पोर घेऊन गाडी लावायला जागा शोधत फिरायचं? कशासाठी?

आपल्याकडच्या धबधब्यांचं एक लक्षात घ्या. वर सडा असतो, जांभ्या दगडाचं नाहीतर काळ्या कातळाचं पठार. तिथं माती नावापुरती, त्यामुळं वर पडलेला पाऊस फार मुरत नाही, सरळ वाहून कड्यावरनं खाली येतो. तुम्ही खाली उभे आहात, अंगावर ऊन आहे, पोरं खेळतायत, आणि वर दोन-तीन किलोमीटरवर ढग फुटल्यासारखा पाऊस सुरू आहे हे तुम्हाला कळायला काही मार्ग नाही. कळतं तेव्हा पाणी आलेलं असतं. गावातली माणसं सांगतात की पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला की सामान गोळा करत बसायचं नाही, उठायचं आणि बाजूला उंचावर जायचं. ज्या काठानं जवळ आहे त्या काठानं. चपला, डबे, ओढणी, कशासाठी मागं फिरायचं नाही.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी डॅमजवळ जे झालं ते आठवतंय ना? तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकले नाही. पुण्याच्या हडपसरचं कुटुंब, प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे, आजूबाजूला लोक ओरडतायत आणि कुणालाच काही करता येत नाही. एक बाई आणि चार मुलं गेली त्यात. त्यांनी कुठला स्टंट केला नव्हता हो. पाण्यात उभे होते आणि पाणी वाढलं, बास. म्हणून मी म्हणते की स्टंट करणाऱ्यांना शिव्या देऊन आपण सुटत नाही, कारण आपण जे "जरा पाय बुडवून येऊ" करतो ना, ते तेच आहे.

आणि "आम्हाला पोहता येतं" हे तर सांगूच नका. पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांचं हेच असतं. अहो, धबधब्याखालच्या डोहात पाणी फेसाळलेलं असतं, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते, आणि असल्या पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. वरनं पडणारं पाणी खाली दाबतं, तळाशी भोवरा असतो, शिवाय वरनं पाण्याबरोबर दगड येतात ते वेगळंच. आणि वाहतं पाणी तर घोट्याच्या जरा वर आलं तरी जोर असला तर मोठ्या माणसाचा पाय सुटतो, मग पाच वर्षांच्या पोराच्या मांडीपर्यंत आलेलं पाणी त्याला काय करत असेल विचार करा.

खांद्यावर घेण्याचं पण तेच. लोकांना वाटतं खांद्यावर पोर सुरक्षित. शेवाळलेल्या दगडावर तुमचा तोल आधीच नाजूक, त्यात वर पंधरा किलो. तुम्ही घसरला तर तुम्ही हात टेकाल, पोरगं कुठनं पडणार? तुमच्या डोक्याच्या उंचीवरनं, दगडावर. एका भाऊजींनी मागं सुचवलं होतं की दोरीनं कमरेला बांधून घ्यायचं. वाहत्या पाण्यात हे तर आणखी वाईट, एक पडला की दुसऱ्याला ओढत नेणार, आणि दोरी कुठं दगडात अडकली तर पाण्याखालीच दाबून धरणार. आमचा नियम साधा आहे, ज्या ओढ्यातनं धाकटा माझा हात धरून स्वतःच्या पायानं जाऊ शकत नाही तो ओढा आम्ही ओलांडत नाही. आणि एका पोरामागं एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाईल नाही.

यावरनंच एकदा भांडण झालं होतं. नात्यातली दोन कुटुंबं बरोबर, सगळी मिळून सहा-सात पोरं, गगनबावड्याच्या बाजूला एका धबधब्याला चाललो होतो. अर्धी वाट झाली, ओढा आला, पाणी असं काही फार नव्हतं, तरुण पोरं तर उड्या मारत पलीकडं चालली होती. तिथं एक मामा म्हसरं घेऊन उभे होते, डोक्यावर इरलं. त्यांनी आमच्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं आणि म्हणाले, "ताई, वर सड्यावर काळं झालंय सकाळधरनं. जाशीला, पर येताना हितंच अडकशीला." मी तिथंच पिशवी खाली ठेवली. बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एवढ्या लांब आलो, पेट्रोल जाळलं, आता दहा मिनिटांवर आलंय, ते काय सांगतात, त्यांना काय कळतंय. त्यांना काय कळतंय! ज्या माणसाचं अख्खं आयुष्य त्या ओढ्याच्या काठावर गेलंय त्याला काय कळतंय, आणि आपण गुगल मॅपवर निळी रेघ बघून आलोय ते आपल्याला कळतंय.

परत फिरलो. माझी पोरं रडली, दुसऱ्यांची पण रडली, जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढं तिथं पाणी चढलं का नाही मला माहीत नाही, आम्ही तोवर गावातल्या टपरीवर चहा आणि उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. नसेलही चढलं. मला त्यानं काही फरक पडत नाही, उद्या परत तसंच कोणी सांगितलं तर मी परत फिरेन. रडलेलं पोर संध्याकाळी विसरतं.

थंडीबद्दल पण लिहायचंय कारण हे कुणाच्या डोक्यातच नसतं. आपल्याला वाटतं पावसात भिजलं तर काय होतंय, सर्दी होईल फार तर. लहान पोरांचं अंग आपल्यापेक्षा फार पटकन गार पडतं, वजनाच्या मानानं कातडी जास्त ना त्यांची. त्यात जीन्स आणि सुती टीशर्ट भिजला की तो अंगाला चिकटून गारवा धरून ठेवतो. आणि पोर सांगत नाही. आमचा धाकटा थंडी वाजली की एकदम गप्प होतो, एरवी बंद न होणारा रेडिओ. पोर बोलायचं बंद झालं, चिडचिड करायला लागलं, ओठ निळसर दिसायला लागले की तिथंच थांबून ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडे कपडे, कानटोपी, काहीतरी गरम आणि गोड प्यायला द्या. थर्मासमधलं दूध आम्ही त्यासाठीच नेतो. कोरड्या कपड्यांचा जोड गाडीत ठेवू नका, बरोबर घ्या, गाडी दोन तास लांब असते.

बाकी बारीकसारीक म्हणजे पूर्ण पायाचे बूट, गुळगुळीत तळाचे सँडल नकोत. छत्री नको, रेनकोट. निघताना घरी कुणाला तरी सांगून जा कुठं चाललोय, कारण दरीत उतरलं की रेंज जाते आणि मग 108 असो नाहीतर 112, फोन लागायला तर पाहिजे. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गेलात तर गवा दिसला म्हणून पोराला घेऊन फोटोला जवळ जाऊ नका, एवढं सांगायला लागतंय हेच नवल आहे, पण जातात लोक.

आणि ज्यांना भर पावसातच धबधबा बघायचाय, घरात आजी-आजोबा आहेत, तान्हं आहे, त्यांनी राधानगरीजवळच्या राऊतवाडीच्या धबधब्याला जावं की. रस्त्यालगत आहे, लांबनं रेलिंगच्या अलीकडनं बघायचं, तुषार अंगावर घ्यायचे, कणीस खायचं आणि यायचं. यात कमीपणा काय आहे मला कळत नाही. अडचण एवढीच की तिथंसुद्धा लोक रेलिंग ओलांडून जातात, पोराला कडेवर घेऊन, आणि पोलिसांनी हटकलं की वर त्यांनाच ऐकवतात.

परवा ग्रुपवर एकानं मला टोमणा मारला की पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत जुलैच्या पावसात पोरं चालतातच की, मग तुझी एवढी भीती कशाला. मान्य, चालतात. 1660 च्या जुलैत महाराज ज्या वाटेनं गेले त्या वाटेवर चिखलात दोन दिवस चालणारी पोरं मी बघितलीत आणि थोरली अजून थोडी मोठी झाली की तिला मी स्वतः नेणार आहे. पण तिथं शेकडो लोक बरोबर असतात, वाट माहीत असलेली माणसं पुढं असतात, मुक्कामाची सोय असते, आणि मुख्य म्हणजे ती चाल आहे. कुणी पोराला धबधब्याखाली उभं करून "ओरड, ओरड, व्हिडिओ काढतोय" म्हणत नाही. दादा, तुम्ही माझाच मुद्दा सांगितलात.

तर, ऑक्टोबरात आम्ही बर्कीला जायचं म्हणतोय, नक्की तारीख पाऊस बघून ठरवू. सहा वर्षांच्या पुढची पोरं, स्वतः चालणारी, आणि प्रत्येकाबरोबर घरातलं एक मोठं माणूस. भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी माझ्याकडं, दही कुणीतरी आणा. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्यानं दुसऱ्या गाडीनं यावं आणि दुसऱ्याच धबधब्याला जावं. ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्स करा, आणि ओढ्यापाशी कुणी सांगितलं की परत फिरा, तर फिरायचं आहे हे आत्ताच मान्य असेल तरच करा.