फायरवॉलच्या 'नाही'ला घरातच कसे कोंडावे

पात्रांव, पर्वरीच्या ऑफिसात लिनक्सचा नवा सर्व्हर बसवताय ना? मग फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा तपासणारा पहारेकरी) असा कडक करा की त्याचा स्वतःवरही विश्वास उरू नये.

आधी इनपुटच्या, म्हणजे आत येणाऱ्या पॅकेटांच्या (डेटाच्या पुडक्यांच्या), साखळीत (डिचोली तालुक्यातले गाव नव्हे, नियमांची) शेवटी ऐटीत रिजेक्ट लिहा, म्हणजे 'नाही' असे कळवून नाकारा. ड्रॉप म्हणजे पॅकेट गिळून गप्प बसणे. आपण सभ्य माणसे. म्हापशाच्या बाजारात दुपारी दोनला अर्ध्या शटरखालून 'चारानंतर या' असे ओरडणारा दुकानदार निदान गिऱ्हाइकाचा वेळ तरी वाचवतो. काहीच उत्तर आले नाही तर बिचारा क्लायंट (पलीकडून जोडू पाहणारे यंत्र) बराच वेळ पुन्हापुन्हा शटर बडवत राहतो.

आता आउटपुटचे, म्हणजे यंत्रातून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या साखळीचे, मूळ धोरण ड्रॉप करा. खरी मजा इथे आहे. रिजेक्टने लिहिलेली नकाराची चिठ्ठी, म्हणजे मुळात आयसीएमपीचा (नेटवर्कवरची अडचण कळवणाऱ्या निरोपांचा) प्रकार 3, कोड 3, किंवा तुम्ही सांगितले असेल तर टीसीपी रीसेट (जोडणी तोडण्याचा निरोप), यंत्रातच जन्मलेली असते. त्यामुळे तिलाही आउटपुटच्याच दारातून जावे लागते. फॉरवर्डमधल्या, म्हणजे यंत्रातून पुढे दुसरीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या साखळीतल्या, नकाराचीही वाट तीच. आणि त्या दारात तुम्हीच दंडुका घेऊन उभे!

यावर उतारा आहे, पण तो वापरू नका. कनेक्शन ट्रॅकिंग, म्हणजे कोणते पॅकेट कोणत्या जोडणीचे याची नोंदवही, या चिठ्ठीला 'रिलेटेड' म्हणून ओळखते. आउटपुटमध्ये 'एस्टॅब्लिश्ड' (आधीच जुळलेल्या जोडणीचे पॅकेट) आणि 'रिलेटेड' दोघांना सोडणारी एक ओळ पुरते. तुम्ही एस्टॅब्लिश्ड तेवढे ठेवा, नाहीतर चालू सेवांची उत्तरेही अडकतील आणि घोळ पहिल्याच दिवशी उघडा पडेल. रिलेटेड मात्र गाळा. रिलेटेड म्हणजे नातेवाईक, आणि नातेवाइकांची वर्णी न लावणारे गोव्यातले एक तरी ठिकाण असायला नको का?

ओपनबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या पीएफ नावाच्या फायरवॉलकडे बघून मन चळू देऊ नका. तो स्वतः तयार केलेल्या नकारावर खूण करतो आणि नियमांपुढे उभे न करताच सोडून देतो. उघडउघड वशिला!

तुमच्याकडे रिजेक्टसमोरचा आकडा रोज वाढेल. तो साहेबांना दाखवा. इतके नकार दिले म्हणा. ते पोचले का, हे साहेब विचारणार नाहीत. मडगावहून फोन आला, "काहीच उघडत नाही, नुसते गोल फिरतेय," तर पावसावर ढकला. डिसेंबर असेल तर पर्यटकांवर.