प्रॉक्सी कोणी लावली?

तीन दिवस. एक बटण बंद करायला माझे तीन दिवस गेले. आणि बटण कुठे आहे ते मला पहिल्याच रात्री सापडलं होतं!

महिन्याची २० तारीख होती. ज्यांचा जीएसटीशी संबंध येतो त्यांना २० तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा, की त्या दिवशी ३बी रिटर्न (महिन्याच्या जीएसटीचं विवरण) गेलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून रोजचे ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. मी सांगलीत घरूनच हे काम करतो. सात जणांची रिटर्नं बाकी होती, त्यातले दोघे असे की आकडे द्यायला त्यांना २० तारखेची दुपारच उजाडावी लागते. (त्यांच्यावर वेगळं लिहीन कधीतरी. आज तेवढी ताकद नाही.) साडेचारला कॉम्प्युटर चालू केला, क्रोम उघडलं. 'इंटरनेट नाही.'

हे मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की प्रॉक्सी सर्व्हरमध्ये (आपल्या आणि साइटच्या मधला मध्यस्थ) काहीतरी गडबड आहे किंवा पत्ता चुकीचा आहे. म्हणजे खरं काय ते बारीक अक्षरात आणि थाप मोठ्या अक्षरात. घाईतला माणूस मोठं तेवढंच वाचतो. मीही वाचलं आणि सरळ ब्रॉडबँडवाल्यांना फोन लावला.

"सर, तुमच्या डब्यावर, म्हणजे राउटरवर, लाल दिवा दिसतोय का?"

नाही, सगळे हिरवे.

"सर, एकदा रिस्टार्ट करून बघता का?"

केला. परत फोन. परत आधी ती गाण्याची धून, परत 'मराठीसाठी तीन दाबा', परत नवीन मुलगी, परत लाल दिवा. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं आणि मी टाचणी घेऊन डब्यामागचं ते बारकं भोक दहा सेकंद दाबून धरलं. रिसेट. हा माझा गाढवपणा, कबूल. त्या भोकातून वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला आणि डब्यात भरलेलं पीपीपीओईचं, म्हणजे ब्रॉडबँड जोडायचं, लॉगिनही गेलं, जे तीन वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन भरलं होतं आणि मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. आतून आवाज आला, "अहो, टीव्ही पण गेला!" तोवर निदान टीव्ही चालू होता. आता घरात खरोखरच इंटरनेट नव्हतं. कॉम्प्युटरने मारलेली थाप मी स्वतःच्या हाताने खरी करून दाखवली होती.

मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. तरी तेच पान! मोबाइलवर साइट लख्ख उघडते, त्याच मोबाइलच्या नेटवर कॉम्प्युटर म्हणतो इंटरनेट नाही. ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग मारलं ('आहेस का?' अशी हाक), चारच्या चार उत्तरं आली. तेव्हा कुठे ती बारीक ओळ नीट वाचली. पिंग प्रॉक्सीच्या वाटेने जातच नाही, म्हणून ते बिनधास्त पोचत होतं. नेटवर सांगतात तो डीएनएस फ्लश करण्याचा (साठवलेले साइटचे पत्ते पुसण्याचा) मंत्रही मी दोनदा म्हणून झाला होता. त्याचाही उपयोग शून्य, कारण प्रॉक्सी लावलेली असली की क्रोम साइटचा पत्ता स्वतः शोधायला जातच नाही, ते काम प्रॉक्सीवर सोडून मोकळं होतं.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. तिथे बटण चालू. पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ८०८०.

आता हा पत्ता आमच्या धंद्यातल्या लोकांना ओळखीचा आहे. डिजिटल सहीचं एमसाइनर इथेच बसलेलं असतं. १२७.०.०.१ म्हणजे हाच कॉम्प्युटर, स्वतःच. म्हणजे क्रोम बाहेर जायच्या आधी आपल्याच घरातल्या ८०८० नंबरच्या खोलीचं दार वाजवत होतं आणि आत कुणीच नव्हतं. कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते दाखवणारं नेटस्टॅट लावून पाहिलं, त्या पोर्टवर काळं कुत्रं नाही.

कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागायचं नाही. आपण टपरीवर चहा पीत बसायचं आणि आपला रोल नंबर आला की मागच्या बाकावरून मित्र 'यस सर' म्हणायचा. कॉम्प्युटरची प्रॉक्सी तरी दुसरं काय करते? साइटकडे आपण जात नाही, आपल्या नावाने दुसरा जातो आणि पान घेऊन येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याला काही अर्थ होता. लाइन एक, मशिनं तीस, मध्ये स्क्विड नावाचा प्रॉक्सी बसवलेला, आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असायचं, पोर्ट ३१२८. पण माझ्या घरात, एका माणसाच्या एका कॉम्प्युटरला प्रॉक्सी कशाला? आणि इथे तर मित्र कधीच कॉलेज सोडून गेलाय आणि मास्तर अजून माझी हजेरी त्याच्याकडेच मागतोय!

बटण बंद केलं. क्रोम उघडलं. पाच रिटर्नं भरली. साडेदहाला वीज गेली, पाच मिनिटांनी आली, कॉम्प्युटर परत चालू केला. इंटरनेट नाही. बटण चालू. तोच पत्ता, तोच पोर्ट.

मी बंद केलं होतं. या हाताने. मग चालू कोणी केलं?

माझा सगळा राग या एका प्रश्नावर आहे. कॉम्प्युटर माझा, पैसे मी दिलेत, पासवर्ड माझा. साधा फॉन्ट टाकायचा तरी हे यंत्र 'तुमची खात्री आहे का' विचारतं. आणि घराचं मुख्य दार कुठे उघडायचं ते बदलणाऱ्याला ते हटकत नाही, मला कळवत नाही, नंतर विचारलं तर नावही सांगत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, 'प्रॉक्सीएनेबल' नावाची एक नोंद असते, शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू. ती माझ्या खात्याखालची नोंद, म्हणून माझ्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ती बदलू शकतो, ॲडमिनची परवानगीसुद्धा लागत नाही. कोणी बदलली ते लिहून ठेवायची सोय आहे, नाही असं नाही. पण ती आधीच चालू करून ठेवावी लागते. चोर येऊन गेल्यावर वॉचमन नेमायचा.

उरलेली दोन रिटर्नं बटण पुन्हा बंद करून अकरा वीसला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालू. आता बहिणीच्या मुलाला फोन केला. सुट्टीत आठ दिवस आला होता, कॉम्प्युटरला दुसरं कोणी हात लावलेला नाही.

"मामा, एक फुकटचं व्हीपीएन टाकलं होतं गेमसाठी, आपलं नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवतं ते. पण येताना काढलंय ओ ते, मी स्वतः अनइन्स्टॉल केलंय."

पोरगं खरं बोलत होतं. यादीत नव्हतंच ते. तोंडाने 'गुडबाय' म्हणून, जाताना 'आम्हाला का सोडलंत' असा फॉर्मसुद्धा भरून घेतला होता म्हणे त्याच्याकडून. फक्त जाताना माझं दार होतं तसं लावायचं राहिलं. भाडेकरू खोली सोडतो, किल्ली देतो आणि पाण्याची मोटर चालूच ठेवून जातो, त्यातली गत.

बरं, बटण एक असतं तरी ठीक. क्रोम आणि एज त्या एका बटणाचं ऐकतात. फायरफॉक्सला स्वतःची वेगळी सेटिंग आहे, तिथे 'नो प्रॉक्सी' निवडलं की ते आपलं सरळ जातं, म्हणून दुसरा दिवस मी फायरफॉक्सवर काढला. विंडोजचं अपडेट मात्र अडकलेलंच. का? तर त्याच्यासारख्या पडद्यामागच्या सेवांसाठी विनएचटीटीपी नावाची आणखी एक प्रॉक्सी असते, जी त्या पानावर दिसतच नाही! काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' असं लिहिलं की दिसते. माझ्याकडे तिथेही १२७.०.०.१. पाहुणा मागच्या खोलीतही पसरला होता. तीच खिडकी ॲडमिन म्हणून उघडून शो प्रॉक्सीच्या जागी 'रीसेट प्रॉक्सी' लिहिलं, तेव्हा ती गेली. शिवाय सेटअप स्क्रिप्टचं (कुठली प्रॉक्सी वापरायची ते ठरवणाऱ्या फाइलचं) खातं वेगळं, ते मी रिकामंच पाहिलं, देवाची कृपा. एकाच गोष्टीच्या इतक्या नोंदी, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. आमच्यात कोणी एकाच व्यवहाराची अशी तीन पुस्तकं ठेवली तर त्याला नोटीस येते.

तिसऱ्या दिवशी टास्क शेड्युलर उघडला, ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणारा. शंभर नोंदी, निम्म्यांच्या नावात 'अपडेट'. एकेक उघडून बघत गेलो. दीड तासाने एक सापडली. नाव अगदी सज्जन, 'लॉग ऑन झाल्यावर चालवा' असं लिहिलेलं, आणि फाइल ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरच्या पोटात, चार फोल्डर आत. मी लॉगिन केलं रे केलं की उठायचं, बटण चालू करायचं आणि झोपायचं. मालक मेला तरी नोकर रोज सकाळी उठून त्याच्या रिकाम्या खोलीकडे पाट्या लावतोय. नोंद उडवली, फाइल उडवली, बटण बंद केलं, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. बंदच राहिलं.

मग मात्र पोटात गोळा आला. कारण ती खोली रिकामी नव्हती तेव्हा काय? त्या आठ दिवसांत मीही याच कॉम्प्युटरवर कामं केली होती, लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, पोर्टलचे पासवर्ड. एरवी कुलूपवाल्या (https) साइटवर प्रॉक्सीला तुम्ही कुठे गेलात एवढं कळतं, आत काय लिहिलंत ते नाही. पण त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा ते ज्यावरून ठरतं ते) कॉम्प्युटरमध्ये घुसवलं असेल तर आतलंही वाचता येतं. विश्वासू सर्टिफिकेटांची यादी उघडून एकेक नाव शोधत बसलो. अनोळखी काही निघालं नाही. तरी सातही जणांचे पासवर्ड बदलले, प्रत्येकाला ओटीपीसाठी फोन केला, आणि प्रत्येकाने विचारलं, "का हो, काय झालं?" काय सांगणार? माझ्या घरात कुणीतरी माझी प्रॉक्सी लावत होतं, असं?

हे सगळं उरकून चहा घेऊन बसलो होतो, तर बेल वाजली. ब्रॉडबँडचा टेक्निशियन. २० तारखेच्या तक्रारीसाठी. डब्याचं लॉगिन तर मी दुसऱ्या दिवशीच फोनवर मागून घेऊन भरलं होतं. त्याने डब्याकडे बघितलं, हिरवे दिवे मोजले, मोबाइलवर स्पीड तपासला.

"सर, तुमचं नेट तर चालू आहे की. ओटीपी आला असेल बघा, तक्रार बंद करायची आहे."